भावोजींचा वाटाड्या

भोंगा हे नाव त्याला बसस्थानकानं दिलं. एकवीस वर्षं तो तिथल्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारत होता. खोली एवढीशी, दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत. समोर माईक, बाजूला वेळापत्रकाचा पुठ्ठा, पाठीमागे बायकोनं शिवून दिलेली उशी. पण आवाज असा, की त्यानं "फलाट क्रमांक चार" म्हणायचा अवकाश, गाढ झोपलेला माणूससुद्धा पायानं चप्पल चाचपायला लागायचा.

असा गळा मिळाला तर माणसानं एकतर गावं, नाहीतर लोकांच्या खोड्या काढाव्यात. गाणं भोंग्याला काही जमलं नाही.

मग साहेबांच्या आवाजात शिपायाला सुट्टीच्या दिवशी बोलावून घे, कुणाच्या सासऱ्याच्या आवाजात जावयाला झाप, असे उद्योग चालायचे. एकदा तर त्यानं सख्ख्या ताईला दवाखान्यातून बोलतोय असं भासवून सांगितलं, "तुमच्या रिपोर्टबद्दल समक्षच बोलावं लागेल. सोबत कुणाला तरी आणा." ताई दुपारभर भिंतीला टेकून बसली होती. संध्याकाळी त्यानं खरं काय ते सांगितलं आणि पोट धरधरून हसला. ताई हसली नाही. पण बहीण ती, जाते कुठे?

तर या ताईचे यजमान म्हणजे आपले भावोजी. मोजणी खात्यातून नुकतेच रिटायर झालेले. लोकांच्या जमिनी मोजण्यात हयात गेली, आणि स्वतःच्या मनात जमिनीचा एकच तुकडा: लांबच्या किनाऱ्यावरचं एक अभयारण्य. तिथं म्हणे जंगल थेट समुद्रात उतरतं. भरतीला झाडं कमरेएवढ्या पाण्यात उभी असतात, बाराही महिने पानांवरून पाणी ठिबकत असतं. होडीनं खाडीत शिरायचं, पुढं दोन तास पायी. कासवं, पाणमांजरं, हातभर चोचीचे धनेश. अकरा वर्षं भावोजी कात्रणं जमवत होते. आता जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला, त्यावर भरती-ओहोटीचं कोष्टक, दुर्बीण, गुडघ्यापर्यंतचे गमबूट. ताईला ताट ठेवायला जागा नाही.

"माझे गुडघे काही साथ द्यायचे नाहीत. तुम्हीच जाऊन या," ताई म्हणाली. "धड परत या म्हणजे झालं."

"अगं, एकटा कुठं आहे? प्रत्येक पाहुण्याला तिथले लोक वाटाड्या देतात. तो आधी फोन करून काय काय तयारी करायची ते सांगतो, असं पत्र आलंय."

भोंगा तिथंच चहा पीत बसला होता. त्याच्या पोटात गुदगुल्या झाल्या.

भावोजींच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर भोंग्याच्या दोस्ताचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. सगळे त्याला घड्याळजी म्हणत. दुसऱ्या दिवशी भोंगा तिथं गेला, ओल्या कापसाचा बोळा गालात धरला आणि फोन फिरवला. भावोजींच्या घरचा फोन जुना, कोण करतंय ते त्यात दिसत नसे. चिखलातून बुडबुडा फुटावा तसा आवाज भोंग्यानं काढला.

"साहेब, वाटाड्या बोलतोय. चाळीस दिवस राहिले. आजपासून साबण बंद. जनावराला कोसावरून वास येतो."

"बरं बरं," पलीकडून भावोजी. पेन्सिलीचा आवाजसुद्धा ऐकू आला. लिहून घेत होते बिचारे!

घड्याळजीनं तोंडात रुमाल कोंबला होता.

आठवड्यानं दुसरा फोन. रोज संध्याकाळी तासभर गच्चीवर गमबूट, रेनकोट घालून झाडासारखं उभं राहायचं. आठवड्यानं तिसरा. कुणी हाक मारली तरी वळायचं नाही, ओ द्यायची नाही. जंगलात हाकेला वळतो तो चुकतो.

मग काय, रोजचा खेळच झाला. भोंगा ड्यूटी संपवून घड्याळजीच्या खिडकीत यायचा. समोर गच्चीवर, उतरत्या उन्हात, पिवळा रेनकोट घातलेले भावोजी. कपाळावरून घामाच्या धारा. खालून ताई हाका मारतेय, "अहो, चहा! अहो, ऐकलं का? अहो, काही चुकलं का माझं?" आणि हे ढिम्म. घड्याळजी हसता हसता एकदा गप्प झाला. म्हणाला, "तुझी ताई रडत होती रे बहुतेक. आता पुरे कर."

"शेवटच्या दिवशी सांगणारच आहे," भोंगा म्हणाला. "पाड लागल्याशिवाय आंबा उतरवायचा नसतो."

पंचविसाव्या दिवशी भोंगा सहज म्हणून ताईकडे गेला. घरात काहीतरी कुजल्यासारखा, ओल्या पानांचा वास होता. भावोजी टेबलापाशी उभ्यानं जेवत होते.

"बसून जेवा की भावोजी."

"वाटाड्या नको म्हणालाय. आणि झोपताना पाय पाण्यात ठेवायला सांगितलेत. मिठाच्या."

"कधी सांगितलं?"

"काल. हल्ली रोजच करतो तो फोन."

भोंग्यानं दहा दिवसांत फोनला हात लावला नव्हता. तो थेट घड्याळजीकडे गेला. "लेका, माझ्यावर कडी करतोस? कालचा फोन तू केलास ना?"

"आईशपथ नाही. मला तसला आवाज येतो का? आणि माझा फोन तीन दिवस बंद पडलाय. उचलून बघ."

भोंग्यानं उचलला. साधी घरघरसुद्धा नव्हती. मग त्याला वाटलं, भावोजीच उलटे आपल्याला खेळवतायत. सापडला बुवा चोरावर मोर! मनातल्या मनात त्यानं म्हाताऱ्याला सलाम ठोकला.

दोन दिवसांनी, भर दुपारी, बसस्थानकातल्या त्याच्या खोलीतला फोन वाजला. तिथं फक्त डेपोतून फोन यायचे. त्यानं उचलला.

आधी ठिबक ठिबक पाणी. लांबवर लाटा. मग एक आवाज. भोंग्यानं स्वतः बनवलेला, बोळा गालात धरल्यावर निघायचा तो, हुबेहूब.

"चांगलं बोलतोस तू," तो म्हणाला. "ओल जरा कमी पडते."

फोन ठेवला गेला. भोंग्याच्या कानाला काहीतरी गार लागलं होतं. पुसलं तर पाणी. जिभेला लावलं, खारट.

त्या दिवशी त्यानं दोन गाड्या चुकीच्या फलाटावर पुकारल्या. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी त्यानं भावोजींना आलेल्या पत्रावरून अभयारण्याच्या कचेरीचा नंबर उतरवून घेतला आणि स्थानकाकडे परतताना मोबाईलवरून फोन लावला. कुणी बाई होत्या, कामात होत्या, एकीकडे शिक्के मारत होत्या.

"तुमचे वाटाडे पाहुण्यांना फोन करतात ना?"

"कचेरीतून करतात. रानात कुणाकडे फोन चालत नाही."

"आमच्या भावोजींना कुठला वाटाड्या दिलाय?"

त्यानं नाव, तारीख सांगितली. कागद चाळल्याचा आवाज आला. "यांना दिलेला नाही. त्यांचंच पत्र आहे की इथं. थांबा, वाचते. 'मला वाटाड्या देऊ नये. माझा वाटाड्या माझ्याकडे येऊन पोचला आहे.'" शिक्का पडला. "आणखी काही?"

भोंगा रस्ताभर पळत ताईच्या घरी गेला. त्यानं ताईपुढं हात जोडले, सगळं कबूल केलं. बोळा, घड्याळजीची खिडकी, तिन्ही फोन. फक्त तीन, ताई, पुढचे माझे नाहीत.

ताईनं ऐकून घेतलं. हातातला पोछा तिनं बादलीत पिळला.

"झालं तुझं?"

"ताई, त्यांना जाऊ देऊ नकोस. खरं सांगतोय."

"दवाखान्याच्या फोननंतरसुद्धा असंच म्हणाला होतास. आता खरं सांगतोय, म्हणे." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "माझ्या नवऱ्याला महिनाभर माकड करून नाचवलंस. आता तो माणूस हौसेनं निघालाय, ते पण बघवत नाही? जा तू. आणि ते परत येईपर्यंत या घराची पायरी चढू नकोस."

"एकदा त्यांच्याशी बोलू दे."

भावोजी गच्चीवर होते. भोंगा जिन्यानं वर गेला. सूर्य मावळतीला आला होता. ते कठड्याकडे तोंड करून उभे होते. रेनकोट आता पिवळा राहिला नव्हता, शिवणींवर हिरवं धरलं होतं.

"भावोजी. ओ भावोजी. मी केलं होतं ते. चेष्टा होती हो."

पाठ हलली नाही.

"भावोजी, पाया पडतो."

गमबूट काठोकाठ पाण्यानं भरलेले होते. डाव्या बुटातून नखाएवढा एक खेकडा वर आला, काठावर थांबला आणि पुन्हा आत गेला. समुद्र तिथून दोन दिवसांच्या वाटेवर होता.

मग भावोजी बोलले, न वळता, अगदी हळू. "तू सांगितलंस ना, वळायचं नाही? मी प्रयत्न करतोय रे. पण आता वळता येतंय का, तेच कळत नाही."

चाळिसाव्या दिवशी सकाळी साडेनऊची गाडी. भोंग्यानं एक बेत करून ठेवला होता. गाडी रद्द म्हणून पुकारायचं. नोकरी गेली तर गेली. ती गाडी चुकली की पुढची होडी चुकणार, परवाना एकाच तारखेचा होता. मग जातील कसे?

काचेतून त्याला भावोजी दिसले. सळईसारखे ताठ, खांद्याला दुर्बीण. आजूबाजूचे लोक नाकाला रुमाल लावून सरकत होते. ते उभे होते तिथं फरशीवर पाण्याचं थारोळं वाढत होतं.

भोंग्यानं बटण दाबलं. घसा खाकरला. आपल्या खणखणीत, एकवीस वर्षांच्या आवाजात तो बोलला:

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. साडेनऊची गाडी रद्द करण्यात आली आहे."

कर्ण्यातून दुसरंच काहीतरी बाहेर पडलं. चिखलातून बुडबुडा फुटावा तसं.

"गाडी लागली आहे, साहेब. चला."

लोकांनी माना वर केल्या. कुणीतरी हसलं, "भोंग्याचा घसा बसला वाटतं!"

त्यानं पुन्हा बटण दाबलं. "रद्द आहे! भावोजी, जाऊ नका!"

"चला, साहेब," कर्णा म्हणाला. "ओहोटी लागायच्या आत."

भावोजी वळले.

पंचवीस दिवसांत पहिल्यांदाच. त्यांनी वर, काचेच्या खोलीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भेदरलेले होते. ते मान हलवून नाही म्हणत होते, पुन्हा पुन्हा, लहान मुलासारखे. पाय मात्र चालत होते. एक, दोन, तीन. पायरी चढले. दार लागलं.

भोंगा खोलीतून धावत सुटला तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडली होती. मागच्या काचेवर आतून एक तळहात टेकलेला होता.

त्यानं खिशातला मोबाईल काढून ताईला लावला. दोनदा बोट चुकलं.

"ताई! ताई, भावोजी गेले गं. मी डोळ्यांनी पाहिलं, गाडीत बसून..."

"कुठं गेले?" ताईच्या आवाजात कितीतरी दिवसांनी हसू होतं. "आत्ता परत आले ना हे. मागच्या दारात उभे आहेत. हाक मारतायत. मन बदललं वाटतं."

"ताई, उघडू नकोस. हात जोडतो. ते भावोजी नाहीत."

"तू काही सुधारायचा नाहीस," ताई म्हणाली. "आले हो, आले!"

फोन तिनं तसाच बाजूला ठेवला असावा. पावलं लांब गेली. बाहेरून कुणीतरी हाक मारत होतं, भावोजींच्याच आवाजात, लग्नानंतर नव्या नव्या नवऱ्यानं मारावी तशी. कडी निघाली. दार कुरकुरलं.

मग ताईचा आवाज आला. लांबून, बारीक, अजून थोडा हसराच.

"अहो, तुम्हाला कधीपासून वाकून आत यावं लागायला लागलं?"