अर्जदार समक्ष उपस्थित

ओल्या कपड्यांची बादली घेऊन मी गच्चीच्या जिन्यात वळले आणि वरून उतरणाऱ्या माणसावर जवळजवळ आदळलेच. गळ्यात सौर अनुदान विभागाचं ओळखपत्र, काखेत फाइल, केसांत धुक्याचे बारीक थेंब. तो हसला तेव्हा त्यातला एक घरंगळून पापणीवर आला...

“सॉरी हं, खालचं दार उघडंच होतं. मी तपासनीस. पॅनेल अगदी झकास बसवलीत. वडिलांचा फोटोही घेतला.”

“कोणाचा?”

“तुमच्या वडिलांचा. अर्जदाराला पॅनेलजवळ उभं करून फोटो काढावाच लागतो, नाहीतर अनुदान अडतं. गप्पिष्ट आहेत हो! मलाच विचारलं, लग्न झालंय का म्हणून.”

बादलीची कडी माझ्या बोटांत रुतली. बाबांना जाऊन बावीस दिवस झाले होते.

मी हात पुढे केला. त्याने फोन दिला. फोटोत बाबा होते – एक हात पॅनेलच्या कडेवर, मान जराशी तिरकी, अंगात करडा स्वेटर. तो आम्ही शेवटच्या प्रवासातही त्यांच्या अंगावरून काढला नव्हता. पॅनेलच्या काळ्या काचेत कठडा दिसत होता, पाण्याची टाकी दिसत होती, फोन धरलेला तपासनीसही दिसत होता... बाबा तेवढे नव्हते.

बाबा गेल्याचं मी सांगितलं. तो तिथेच पायरीवर बसला.

जरा वेळाने आम्ही दोघं वर गेलो. गच्चीत कोणी नव्हतं. सगळ्या काचांवर दव साचलं होतं. फक्त एका कोपऱ्यात पंजाएवढी जागा कोरडी होती.

“मला भीती वाटायला हवी ना?” तो हळूच म्हणाला.

“वाटत नाहीये?”

“वाटतेय. पण ते... प्रेमाने बोलले हो.”

बाबांनी निवृत्तीची सगळी पुंजी या छपरावर घातली होती. त्यातला मोठा वाटा अनुदानातून परत येणार, या हिशेबावर. तो आला नाही, तर घर विकून आईला मामाकडे राहावं लागणार होतं. योजना महिनाअखेरीला बंद होत होती. चार दिवस उरले होते.

त्याने अहवाल गुडघ्यावर उघडला. “इथे विचारलंय, अर्जदार समक्ष उपस्थित? मी पाहिलंय, बोललोय, फोटो आहे. ‘होय’ लिहिलं तर खोटं नाही.”

मी क्षणभर डोळे मिटले. आईचा चेहरा आला समोर... तरी ‘होय’ म्हणायला जीभ वळेना.

“उपस्थित होते,” मी म्हटलं, “पण हयात नव्हते. ते लिहा.”

“अर्ज वारसाच्या नावावर करावा लागेल. नवा क्रमांक, नवी तपासणी. चार दिवसांत होईलच असं नाही.”

“नाही झालं, तर नाही.”

मग त्याने ‘अर्जदार मृत’ असं लिहिलं. फोनमधला फोटो मला पाठवायला गेला, तर तिथे नुसतं पॅनेल होतं.

नंतरचे तीन दिवस तो सकाळ-संध्याकाळ फोन करत राहिला. वारसाचा दाखला मिळाला का? आईची संमती जोडली का?

“तुम्ही रोज तेच विचारता,” मी एकदा म्हटलं.

“दुसरंही विचारायचंय. पण ते कार्यालयीन नाही.”

शेवटच्या दिवशी तो साडेचारला धापा टाकत गच्चीत आला. पाचला अर्ज बंद. त्याने मला पॅनेलजवळ उभं केलं, फोटो घेतला, कागद कठड्यावर पसरला. वाऱ्याने कागद उडू पाहत होता – आणि एकाएकी सपाट पडला. कोणीतरी तळवा ठेवावा तसा. आम्हा दोघांपैकी कोणाचाच हात त्यावर नव्हता.

तो लिहीत गेला. शेवटच्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं.

“काय झालं?”

“अर्जदार आणि तपासनीस यांचं नातं विचारलंय. नातेवाइकांच्या घरची तपासणी आम्हाला चालत नाही.”

“मग? नाहीच ना आपलं काही नातं?”

“आज नाही.” त्याचे कान लाल झाले. “पण... पुढच्या वर्षी फेरतपासणी असते. ती दुसऱ्या कोणाला करावी लागली तर बरं, असं वाटतंय मला.”

माझ्या मानेवरून थंड झुळूक गेली. कागद हलला नाही.

“आज जे खरं आहे ते लिहा. सही करा. अर्ज पाठवा.”

त्याने ‘नाही’ लिहिलं, सही केली, कागदाचा फोटो काढून फोनवरून अर्ज पाठवला. पाचला सात मिनिटं कमी असताना पोच आली. त्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, “उद्या आईंना विचारायला येऊ?”

“आईला उद्या विचारा,” मी म्हटलं. “मला आज विचारा की.”