स्टिअरिंगची मुकी बटणं

तिसऱ्यांदा ती हिरवी गाडी आमच्या गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हा आमच्या थंडर बे गावावर सरोवराचं धुकं उतरलं होतं. काच खाली झाली आणि कॅलमने ओशाळं हसत पर्शियनचा खोका पुढे केला. गुलाबी साखरेचे ते गोड पाव म्हणजे आमच्या गावात सरळ सरळ लाच!

"कायसा..." माझं नाव घेऊन तो अडखळला. "पुन्हा तेच. डावीकडे वळलो की स्टिअरिंगवरची रेडिओची बटणं मुकी."

"माझ्यासमोर तर कधी मुकी होत नाहीत. लाजत असतील."

"मालकावर गेली असतील."

ऑफिसातून बाबा ओरडले, "गाडी ठणठणीत आहे गं! पोराचीच तब्येत तपास!"

कॅलमचे कान लाल झाले. माझे? विचारूच नका! हा माणूस गावोगाव पियानोंचे सूर जुळवत फिरायचा, हळू बोलायचा आणि माझ्याकडे बघता बघता वाक्य अर्ध्यावर सोडायचा. मागच्या दोन्ही खेपांना मी त्याच्या गाडीत बसून तारा तपासायचा मीटर लावला, चाक फिरवलं, बटणं दाबली. काही सापडलं नाही. बिघाड नाहीच, तो माझ्यासाठी येतो, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली होती... आणि त्या गोड समजुतीत तरंगत होते.

"आज तुम्ही बसा," मी म्हटलं. "नेहमी बसता तसे."

तो बसला. सीट मागे, स्टिअरिंग पार वर ओढलेलं. मी चमकले. मी ठेंगणी, बसल्या बसल्या आधी ते खाली घ्यायची!

मी दारातून आत वाकले आणि स्टिअरिंगखालच्या तारांना मीटरची टोकं लावली. त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास येत होता.

"फिरवा... सावकाश... माझ्याकडे नको, समोर बघा."

"समोर भिंत आहे, कायसा."

मीटरचा आकडा थरथरला आणि गडप झाला. स्टिअरिंग वर असलं की आतली तार ताणली जायची आणि डावीकडे वळताच सुटायची. खराखुरा बिघाड! एरवी मी टाळी वाजवली असती. आज मीटर नुसताच बंद केला. म्हणजे तो बटणांसाठीच येत होता. तार बदलली की संपलं.

"सापडला?"

"सापडला."

"मग चेहरा असा का?"

"कारण मला वाटलं होतं... तू खोटं बोलतोयस. माझ्यासाठी येतोयस. आणि मला ते आवडत होतं, कॅलम. फार आवडत होतं."

बोलून तर गेले! धुक्यात कुठलंसं जहाज भोंगा देत होतं. त्याने चाकावरचे हात काढले.

"दिवसभर सूर ऐकून माझे कान किटतात. गाडीत मी रेडिओ लावतच नाही."

"मग बटणं चालली काय नि—"

"इथे पहिल्यांदा यायच्या आधी एकदा बेकरीच्या रांगेत तू माझ्यापुढे होतीस. पाठीवर गॅरेजचं नाव. घरी गेलो आणि गाडीत काय बिघडलंय ते शोधत बसलो. एकेक बटण दाबून पाहिलं... ही मुकी निघाली, तेव्हा केवढा आनंद झाला म्हणून सांगू!"

मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"नवी तार यायला वेळ लागेल," मी म्हटलं. "गाडी इथेच ठेव."

"आणि मी घरी कसा जाऊ?"

"मी सोडते. सरोवराकाठच्या रस्त्याने."

"तो लांबचा पडतो..."

"माहीत आहे," मी म्हटलं.