आधी ओळख कुणी द्यायची

कपाटं उघडून देण्यात रत्नदीपची उमर चालली होती, पण कपाटाकडं पाठ करून ते उघडा, असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सांगणारी होती प्रियदर्शनी. शुक्रवार पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ती समुपदेशन करायची. मनाचं दुखणं घेऊन लोक तिच्याकडं येत, आणि त्यांनी सांगितलेलं सगळं ती लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवत असे. त्या दुपारी नेमकी त्याच कपाटाची किल्ली हरवली, आणि दोन गल्ल्या सोडून पहिलं दिसलं ते रत्नदीपचं कुलपांचं दुकान.

"पाठ करून कसं उघडणार, मॅडम?"

"मग बघून उघडा. पण दार हललं की तोंड खिडकीकडं."

कुलूप खट्‌कन निघालं आणि तो मुकाट खिडकीकडं वळला. समोर सोलापूरचं रखरखीत ऊन, पाठीमागं फायलींची सळसळ आणि तिच्या वेणीतल्या मोगऱ्याचा मंद वास... नवं कुलूप बसवून झाल्यावर तिनं तळहात पुढं केला. जादाची किल्लीही हवी होती तिला. त्याच्या खिशातली. ती देताना बोटाला बोट लागलं. किल्ल्या सगळ्या परत गेल्या, पण गडी जिना उतरला तो आपलं चित्त वरच ठेवून.

मग काय, कधी बिजागरीला तेल घालायचं राहिलं, कधी कुलूप जड जात असेल असं त्यालाच वाटलं. ती हसायची, चहा द्यायची. कुलूप लोण्यासारखं फिरतंय हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि एके संध्याकाळी नवी पेठेत ती समोरून आली. रत्नदीप तोंडभर हसला. ती त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या चादरीच्या दुकानाकडं बघत निघून गेली. त्याला काही कळेना. वर चहा पाजणारी हीच का? दुकानात बसून कुलपं विकणाऱ्या माणसाला रस्त्यात ओळख द्यायला लाज वाटते हिला?

दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून जिना चढला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की तिचा जिना चढलेल्या कुणालाच ती बाहेर आधी ओळख देत नाही. दुखणं घेऊन आलेल्यांना चुकवलं आणि बाकीच्यांशी हसून बोलली, तर बघणाऱ्याला बरोबर कळतं कोण कशासाठी येतं ते.

"म्हणून सगळ्यांना एकच नियम. तुम्ही आधी जय भीम घातला असता, तर मी थांबले असते."

"म्हणजे जन्मभर मीच आधी घालायचा?"

"जन्मभर...?" ती म्हणाली आणि कपातल्या चहाकडं बघत बसली.

इथून पुढं तो रोज आधी जय भीम घालू लागला, आणि ती रोज थांबू लागली. उन्हाळा सरला तोवर त्यानं लग्नाचं विचारलंही. आधी आईला भेटव, ती लाजून म्हणाली.

मीनाबाई, रत्नदीपची आई, मूळची मोहोळकडची. नवरा गेल्यापासून अबोल झालेली. लेकानं मुलगी बघायला चल म्हटल्यावर नवं लुगडं नेसून ती रसाच्या दुकानात आली. प्रियदर्शनी उठून उभी राहिली, आणि दोघी एकमेकींकडं बघतच राहिल्या. मग, कधीच भेटलो नसल्यासारख्या दोघी बोलल्या. प्रियदर्शनीनं अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि काम आहे म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं, की आता भेटायचं नाही.

"माझं काही चुकलं?"

"नाही."

"मग आईचं?"

तिनं खिडकीकडं तोंड केलं. "याला मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. रत्नदीप, कारण विचारू नकोस..."

डोळे भरून आलेली मुलगी नको म्हणते आणि का ते सांगत नाही, याचा अर्थ तरी काय लावायचा? आईला विचारावं तर ती म्हणे, "पोरगी लई चांगली हाय," आणि पदर तोंडाला लावून आत निघून जाई. त्याला वाटलं, दोघींनी मिळून आपल्याला वेडं करायचं ठरवलंय. त्याचं जेवण तुटलं, दुकानात गिऱ्हाइकाला भलत्याच किल्ल्या जाऊ लागल्या.

शेवटी आईलाच ते बघवेना. कडक भाकरी ताटात तशीच पडलेली बघून ती त्याच्याजवळ बसली.

"तुजे बाबा गेल्यावर मला रातचा श्वास घ्यायला जमत नव्हतं, बाळू. विहारात जाते म्हणायची न् त्या बाईकडं जायची. तितं आडनाव माहेरचं सांगितलं. तुला बी बाळूच म्हणायची, म्हणून तिला कळलं न्हाय तू कोण ते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाटलं आसतं, आई येडी झाली."

"मग तिनं तरी..."

"तिनं कसं सांगायचं? माज्या पोराला कळंल का, आसं मी पयल्याच दिशी इचारलं व्हतं. तुमी सांगितल्याबिगर कुणालाच न्हाय, म्हणली. जिच्यावर उपचार तिच्या घरात सोयरीक न्हाय चालत तिला, न् का ते सांगावं तर शब्द मोडतो, म्हणून तिनं तुला सोडलं की रं."

रत्नदीपनं ताट पुढं ओढलं. आईचं सगळं दुःख त्यानंच बसवलेल्या कुलपात होतं, आणि दाराशी ती पोरगी एकटी उभी होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्लीतल्या बायका ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या असताना, मीनाबाई त्या जिन्याखाली उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "जय भीम, मॅडम. तुमची मीना आलीया." आजवर ती पदर ओढून चोरासारखी चढली होती.

वर गेल्यावर तिनं सांगितलं, की आपली फाइल दुसऱ्या बाईंकडं द्या, आपल्याला आता तुम्ही सून म्हणून हव्यात. प्रियदर्शनी रडली आणि मग नेहमीसारखं नियमाचंच बोलली. माझ्यासाठी तुम्ही उपचार थांबवायचे नाहीत, दुसऱ्या मॅडमकडं तुमचं नीट बसलं की मगच बघू, आणि तोवर रत्नदीपनं इकडं फिरकायचं नाही.

आईमागं जिना चढून आलेल्या रत्नदीपनं उंबऱ्यावरनं एवढंच विचारलं, "आई माझ्याबद्दल काय काय बोललीय?"

"कुणाची आई?" ती डोळे पुसत म्हणाली आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मीनाबाईला रात्रीची झोप लागू लागली. थंडीत एका संध्याकाळी मायलेक नवी पेठेतनं चालले होते. समोरून प्रियदर्शनी येताना दिसली आणि रत्नदीपची पावलं अडली. नियम त्याला पाठ होता, म्हणून त्यानं हात जोडायला घेतले. पण ती रस्ता ओलांडून, सरळ त्याच्याच डोळ्यांत बघत समोर येऊन उभी राहिली.

"जय भीम, रत्नदीप," ती म्हणाली. आधी. चारचौघांत, मोठ्यानं.

रत्नदीपनं तोंड उघडायच्या आधीच त्याच्या वतीनं मीनाबाईनंच उत्तर दिलं, "जय भीम, सूनबाई."