पट्टीच्या आतलं घर

घर पाहावं बांधून म्हणतात, पण बांधणाऱ्याला निदान हौस तरी असते. म्हातारपणी घर पाहावं आवरून. फेन्ना त्या हिवाळ्यात रोज सकाळी एक कपाट उपसायची आणि संध्याकाळी त्यातलं निम्मं परत आत ठेवायची. सासूच्या तागाच्या चादरी, कधी न वापरलेलं सूप वाढायचं मोठं भांडं, गाई विकून वीस वर्षं झाली तरी जपून ठेवलेल्या दावणीच्या साखळ्या. एखादी वस्तू टाकायच्या ढिगात गेली, की तिचा नवरा लामर्ट ती उचलून मूळ जागी नेऊन ठेवायचा.

"या साखळ्यांनी आता काय बांधायचंय?" ती विचारायची.

"तुला," तो म्हणायचा.

ट्वेन्टे भागातलं ते शेतघर त्याच्या पणजोबांनी बांधलेलं. पुढच्या अर्ध्या भागात माणसं राहायची, मागच्या अर्ध्या भागात त्याच छपराखाली खळं आणि गोठा. फेन्नाचे दोन्ही खुबे बदलून झाले होते, आणि तरीही न्हाणीघरात जायला तीन पायऱ्या उतराव्या लागायच्या. आणखी एक हिवाळा इथे काढणं तिच्याच्याने होणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, डॉक्टरला ठाऊक होतं, कॅनडातल्या मुलीला ठाऊक होतं. आल्मेलो शहरात वयस्कर लोकांसाठी बांधलेल्या इमारतीत तिला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळालं होतं. लिफ्ट होती, उंबरठे नव्हते. तिने होकारही कळवून टाकला होता.

लामर्टचा मात्र नन्नाचा पाढा. घर बघायलासुद्धा यायला तयार नाही. "मला इथून चौघांनी उचलून न्यावं, म्हणजे झालं," एवढंच. तो नाही आला तर एकटीनेच जायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ठरवलं होतं खरं, पण त्याला त्या मोठ्या थंड घरात एकटा सोडून आपण बसमध्ये चढतोय हे चित्र डोळ्यांपुढे आलं, की ती पुन्हा पहिल्यापासून ठरवायला बसायची. ती दमली होती. रात्रभर झोपूनही जाणार नाही असा थकवा तिच्या अंगात मुरला होता.

फेन्नाचा बाप सुतार. जिना करायचा असला, की तो आधी अख्खा जिना खऱ्या मापात जमिनीवर खडूने काढायचा. कागदावर काहीही बसतं, जमिनीवर बसवून दाखवा, असं म्हणायचा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी फेन्नाला ते आठवलं. नव्या घराचा नकाशा, मोजपट्टी आणि रंगाऱ्याची पांढरी चिकटपट्टी घेऊन ती रिकाम्या खळ्यात गेली आणि वाकत, कण्हत, मधे मधे बादलीवर बसत तिने सबंध घर जमिनीवर चिकटवलं. भिंती, खिडकी, दारं, सगळं खऱ्या मापात.

शेजारचा बेरेन्ड ढकलगाडी घेऊन मदतीला आला. जन्म असो, लग्न असो, मयत असो की घर हलवणं असो, त्या भागात पहिला हात शेजाऱ्याचा, आणि बेरेन्डने यातलं काही कधी चुकवलेलं नव्हतं. तो पट्ट्यांकडे बघत उभा राहिला.

"घराचं पुढचं दार इथे काढलंयस?"

"मग कुठे काढू? दुसरीकडून फिरवलं तर दावणीचा ओटा मधे येतो. असंच बसतं."

"पण या दाराशी?"

खळ्याच्या टोकाला गवताची गाडी आत यावी एवढं मोठं दार होतं. आता गाडी येत नव्हती. गेली कित्येक वर्षं त्या दारातून फक्त मेलेली माणसं बाहेर गेली होती. लामर्टचा बाप, लामर्टची आई. दोन्ही वेळा पेटीची एक कडी बेरेन्डच्या हातात होती.

"इथून जाणारा परत येत नसतो, फेन्ना."

"तू मात्र उद्या परत ये, कपाट न्यायचंय," ती म्हणाली. तिला खरंच याच्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं.

पलंग, दोन खुर्च्या आणि छोटं टेबल पट्टीच्या आत आणून ठेवलं. खुर्च्या तेवढ्या साध्या, लाकडी होत्या. लामर्टची बसायची खुर्ची, ती जुनी हातांची, एक पाय जरा आखूड असलेली, स्वयंपाकघरातून हलवायला तो तयार नव्हता. दहा वाजता फेन्नाने कॉफी तिथेच नेली आणि त्याला हाक मारली. तो आला, आणि सरळ भिंतीच्या पट्टीवरून पाय टाकत टेबलाशी जाऊन बसला.

"भिंतीतून आलास," ती म्हणाली. "भूत आहेस का? दारातून ये."

"कुठलं दार?"

"ते. आणि पाय पूस. नाहीतर बिस्किट नाही."

लामर्ट हट्टी होता, पण हट्टी माणसाचा एक गुण असतो: एखादी गोष्ट करायचीच म्हटली, की तो नीट करतो. तो उठला, वळसा घालून पट्टीतल्या दाराच्या जागेशी गेला, नसलेल्या पायपुसण्यावर लाकडी बूट पुसले, नसलेली मूठ खाली दाबली आणि आत आला. फेन्ना कित्येक महिन्यांनी हसली. डब्यातलं दुसरं बिस्किटही तिने त्याला दिलं, आणि हे त्या घरात सहसा होत नसे.

त्यानंतर तो रोज जायला लागला. आधी कॉफीपुरता, मग पेपर वाचायला. एका दुपारी त्याने आपली हातांची खुर्ची स्वतःच ओढत आत नेली आणि खिडकीच्या पट्टीशी, समोरच्या विटांच्या भिंतीकडे तोंड करून ठेवली. "इथे वारं लागत नाही," म्हणाला. खळ्यात तर दाराखालून इतकं वारं यायचं, की केरसुणीने गोळा केलेला कचरा पुन्हा पसरायचा. पण फेन्ना खुर्चीशी जाऊन उभी राहिली तेव्हा खरंच वारं लागलं नाही.

मांजर पट्टी ओलांडेनासं झालं. ते कडेकडेने चालत दाराच्या जागेशी यायचं आणि तिथे बसून ओरडायचं.

एकदा फेन्ना धुतलेले कपडे घेऊन घाईने चालली होती, पट्टीचं तिला भानच राहिलं नव्हतं. तिचा खांदा कशावर तरी आपटला. खांब नव्हता, काहीच नव्हतं. संध्याकाळी आंघोळ करताना तिथे निळा डाग दिसला. हल्ली माझा तोलच जातो, तिने स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

"बस वळली," लामर्ट एक दिवस खुर्चीतून म्हणाला.

"कुठली बस?"

"आपली. आणि ती कुबड्यांची बाई पुन्हा बदकांना पाव घालतेय. समोर एवढी पाटी लावलीये, घालू नका म्हणून."

त्याच्यासमोर विटांची भिंत होती. फेन्ना हातात फडकं धरून तशीच उभी राहिली. तिच्या मनात आलं ते एवढंच, की आता हेही सुरू झालं. त्याच्या आईला असंच झालं होतं. आधी खिडकीबाहेर माणसं दिसायला लागली, मग घरातली ओळखू येईनाशी झाली. तिला रडू आलं, पण तिने त्याला दिसू दिलं नाही.

मार्चच्या अखेरीस पडद्यांचं माप घ्यायला तिला एका सकाळपुरती नव्या घराची किल्ली मिळाली. लामर्टला तिने विचारलंही नाही. लिफ्टपाशी खालच्या मजल्यावरच्या वेसलिंक बाई भेटल्या. नीटनेटक्या, बोलक्या, हातात भाजीची पिशवी.

"अहो, तुम्हीच का वरच्या? शेवटी आलात म्हणायच्या. तुमचे मिस्टर काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात."

"माझे मिस्टर?"

"खिडकीत बसलेले असतात की. वाईट वाटून घेऊ नका, पण घरात त्यांना लाकडी बूट काढायला सांगा. खाली फार आवाज येतो."

इथे त्यांचं पाऊलसुद्धा पडलेलं नाही, असं सांगायला फेन्नाने तोंड उघडलं. पण बाई इतक्या सहज हसत होत्या, की तिने पुन्हा मिटलं. वरचं घर रिकामं होतं. नव्या लिनोलियमचा वास, उघड्या भिंती, लोंबणारी वायर. ती खिडकीशी गेली. खाली कालवा होता, बस वळायची जागा होती, बदकांना खाऊ घालू नये अशी पाटी होती. पाटीखाली कुबड्या टेकवून एक बाई पाव मोडत होती.

फेन्नाने पडद्यांचं माप घेतलं. घ्यायला आलीच होती, म्हणून. मग बाहेर येऊन तिने दार नीट कुलूप लावून बंद केलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि बस पकडली.

लामर्ट पट्टीच्या आत खुर्चीत होता.

"जेवायला चल," ती दाराच्या जागेशी उभी राहून म्हणाली. मांजरासारखीच तीही आता आत शिरायला धजत नव्हती.

"इथेच आण."

"लामर्ट, तू कधी गेला होतास तिकडे?"

"कुठे?"

"नव्या घरी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं, प्रेमाने. "तू ये ना लवकर," तो म्हणाला. "मी तर येऊन बसलोच आहे."

त्या दिवसापासून तो बाहेर आला नाही. जेवण आत, झोप आत. हाक मारली तर आवाज उशिराने आणि दबका यायचा, मधे दार लोटलेलं असल्यासारखा. बेरेन्ड म्हणाला, "चला, म्हाताऱ्याला घर आवडलं म्हणायचं!" आणि हसला. पण मोठ्या दाराकडे बघून त्याने हसणं आवरतं घेतलं. फेन्ना घाबरली होती. तरी खरं सांगायचं तर भीतीच्या खाली, तळाशी, तिला जरा सुटल्यासारखंही वाटत होतं. तो नाही म्हणत नव्हता. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो कशालाच नाही म्हणत नव्हता.

एप्रिलात किल्ली कायमची हाती आली. त्या सकाळी ठरलं ते असं: फेन्नाने पुढे जाऊन घर उघडायचं, बेरेन्डने ट्रॅक्टरच्या गाडीत सामान भरायचं, आणि शेवटी लामर्टला आपल्या मोटारीतून घेऊन यायचं.

तिने दार उघडलं, आत आली, आणि सवयीने आतून कुलूप लावलं. किल्ली हातातच राहिली. घरात ऊन आलं होतं. ती पर्स ठेवायला जागा शोधत होती, तेवढ्यात खिडकीपाशी काहीतरी करकरलं.

मग पावलं वाजली. लाकडी बुटांची, सावकाश.

पावलं खिडकीकडून निघाली, खोलीच्या मध्यातून सरळ न येता जिथे कपाट यायचं होतं तिथून वळसा घेतला, आणि फेन्नाच्या अंगाजवळून पुढे गेली. तिला गोठ्याचा आणि तंबाखूचा वास आला.

पावलं दारापाशी थांबली.

दाराची मूठ खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली.

पर्समधला फोन वाजला. बेरेन्ड होता.

"फेन्ना, अगं हा उठत नाहीये. खुर्चीतच आहे. श्वास चाललाय, पण डोळे मिटलेले. किती हाका मारल्या."

"हं."

"आणि हात... उजवा हात एकसारखा वरखाली करतोय. दाराची मूठ दाबल्यासारखा."

मूठ खाली गेली. वर आली.

"ऐकतेयस ना? ही पट्टी उपटून काढू का? मला नाही गं हे बरं वाटत. काढतो मी."

फेन्ना दाराकडे बघत राहिली. किल्ली फिरवली तर तो परत जाईल, हे तिला सांगायला कुणी लागत नव्हतं. खळ्यातल्या खुर्चीत जागा होईल, साखळ्या पुन्हा मूळ जागी नेऊन ठेवील, आणि नाही म्हणेल. आणि तिला परत त्या तीन पायऱ्या उतराव्या लागतील. नाहीतर एकटीने इथे येऊन बसावं लागेल. दोन्ही गोष्टींची तिच्यात ताकद नव्हती. उरलीच नव्हती.

तिने किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

"पट्टीला हात लावू नकोस, बेरेन्ड."

"अगं पण..."

"दमलाय तो. राहू दे."

मूठ अर्ध्यावर थांबली, आणि हळूच वर आली.

"थांबला," बेरेन्ड फोनवर म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हात खाली पडला, फेन्ना."

पावलं परत फिरली. तिच्या शेजारून गेली, नसलेल्या कपाटाला वळसा घालून खिडकीशी गेली. मग एक लांब सुस्कारा ऐकू आला.

खिडकीखालच्या नव्या लिनोलियमवर तिच्या डोळ्यांदेखत खुर्चीच्या पायांचे गोल खळगे पडत गेले. पुढचे दोन, मग मागचा उजवा. मागचा डावा सगळ्यात शेवटी पडला, कारण तो पाय जरा आखूड होता.