केबल काढलेलीच होती

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

आणि एक आधीच सांगते. यात रात्र नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. गेल्या वर्षी मार्चमध्ये, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, माझ्या स्वतःच्या गाळ्यात.

माझं नाव श्वेता. चौदा वर्षं कॉम्प्युटरचे मदरबोर्ड दुरुस्त करते. बहुतेकांची तक्रार एकच असते, मशीन चालूच होत नाही. मग बोर्डात वीज कुठपर्यंत पोचते आणि कुठे अडते, ते मीटर लावून शोधायचं. एवढंच माझं काम.

त्या मंगळवारी देवदत्त स्वतः आले. मागच्या बिल्डिंगमध्ये त्यांचा लेबलं छापायचा कारखाना आहे. इस्टेटच्या कमिटीवर पण आहेत. ड्रायव्हरने कॉम्प्युटरचं कॅबिनेट माझ्या टेबलावर ठेवलं.

देवदत्त मात्र दारातच उभे राहिले.

मशीन अचानक बंद पडलंय, चालू करून द्या, म्हणाले. आणि लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्या, की याच्या पॉवर सप्लायमध्ये कधीच दोष नव्हता.

असलं पत्र आजवर कोणी मागितलं नव्हतं. कशाला हवंय, विचारलं. शुक्रवारी एक चौकशी आहे, एवढंच बोलले आणि गेले.

मी कॅबिनेट उघडलं. आधी एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज बोर्डाला पुरवणारा तो लोखंडी डबा. त्याच्या जांभळ्या वायरवर मशीन बंद असतानाही पाच व्होल्ट असायला हवेत.

शून्य.

माझ्याकडचा चांगला एसएमपीएस जोडला. बोर्डावर हिरवा दिवा लागला. बटण दाबलं. पंखा पाव फेरा फिरला आणि थांबला. म्हणजे बोर्डावर पण कुठेतरी शॉर्ट होता. प्रोसेसरजवळचा एक जळका भाग सापडला. तो काढून नवा बसवला आणि मशीन सुरू झालं.

नेहमीचं काम. काही विशेष नाही.

मी मशीन बंद केलं. भिंतीतली केबल काढली. केबल काढली की तो हिरवा दिवा पाच-दहा सेकंदांत विझतो.

विझला नाही.

एक मिनिट गेलं... पाच मिनिटं गेली...

मी जांभळ्या वायरवर मीटर लावलं. शून्य. बोर्डात कुठेच वीज नव्हती. आणि दिवा लागलेला होता.

कॅबिनेट सरकवायला हात लावला, तर बोटांना मुंग्या आल्या. हलक्याच. मी टेस्टर घेतला, तोच स्क्रू ड्रायव्हरसारखा, आत दिवा असलेला, आणि पत्र्याला टेकवला.

टेस्टर पेटला.

मशीनबरोबर आलेली ती केबल माझ्या डाव्या हातात होती. तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट बघितली. प्लगची वरची जाड पिन, अर्थिंगची, करवतीने कापलेली होती. मग त्यांचा जुना एसएमपीएस खोलला. आत मेनची वायर वितळून डब्याच्या पत्र्याला चिकटली होती.

म्हणजे वीज पत्र्यात उतरत होती. आणि जमिनीत जायची तिची वाट कोणीतरी कापून टाकली होती. मग वाट एकच उरते. हात लावणारा माणूस.

बुधवारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, त्याच कारखान्यात पॅकिंगला. मालन. ताईचा कॉम्प्युटर इथे आणलाय का, त्यांनी विचारलं.

त्यांची मोठी बहीण कुंदा. एकोणीस वर्षं तिथे लेबलांची डिझाइनं करायची. फेब्रुवारीत याच मशीनसमोर, खुर्चीतच गेली. हृदय बंद पडलं, असं सगळ्यांनी ठरवलं आणि घाईने अंत्यसंस्कार उरकले. मालनताईंनी नंतर तक्रार केली. शुक्रवारची चौकशी त्याचीच होती.

"सहा महिने सांगत होती गो ती त्यांना," मालनताई म्हणाल्या. "हात लागलो की मुंग्या येतत. पायाखाली लाकडाची फळी घेऊन बसायची. भिंतीवरच्या नवीन बोर्डात प्लगची जाड पिन बसत नव्हती, म्हणून साहेबांनीच ती कापायला लावली. आणि ती सांगायला गेली की हसायचे."

बोलता बोलता त्यांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला. मी त्यांना अडवणार होते...

त्यांना काही झालं नाही.

मी हळूच टेस्टर टेकवला. पेटला नाही. त्या पत्र्यावरून हात फिरवत राहिल्या, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्यांनी हात उचलला.

टेस्टर पेटला.

मालनताईंजवळ मी यातलं काही बोलले नाही. पत्र देणार नाही, एवढं मात्र सांगितलं.

गुरुवारी दुपारी सव्वातीनला देवदत्त आले. एकटेच. सकाळीच मी टेस्टर लावून बघितला होता. पेटत होता. कालच्यापेक्षा जास्त.

पत्र मिळणार नाही म्हटल्यावर ते चिडले नाहीत. माझ्या गाळ्याचं भाडेपत्र कमिटीपुढे कधी येतंय, याची त्यांनी आठवण करून दिली. मी कापलेली पिन दाखवली, वितळलेली वायर दाखवली. ती बाई ओल्या हाताने काम करायची, म्हणाले. मग त्यांना तो जुना एसएमपीएस आणि ती केबल परत हवी होती. दोन्ही कॅबिनेटच्या मागे ठेवलेलं होतं.

पुढे येताना ते थांबले. कॅबिनेटकडे बघितलं.

"हे बंद आहे ना?"

मी म्हटलं, "केबल काढलेली आहे."

त्यांनी कॅबिनेट बाजूला करायला हात लावला.

ओरडले नाहीत. फक्त ताठ झाले. बोटं पत्र्यावर आवळली गेली आणि सुटेनात. आणि पंखा फिरायला लागला... आधी हळू... मग पूर्ण वेगाने.

मी मेन स्विच पाडला. गाळ्यातले दिवे गेले, छताचा पंखा थांबला. कॅबिनेटमधला थांबला नाही. त्या शांततेत तो एकच आवाज होता, आणि तो हिरवा दिवा.

लाकडी स्टुलाने मी त्यांचा हात सोडवला. मला वाटतं मी लगेच उठले होते. लगेच म्हणजे किती, ते मला सांगता येत नाही.

ते खाली पडले. पंखा आणखी थोडा वेळ फिरला. मग त्याचा तोच थांबला.

देवदत्त वाचले. शुक्रवारी मी दोन्ही वस्तू चौकशीवाल्यांच्या हातात दिल्या. पुढच्या आठवड्यात देवदत्तांनी स्वतःच हॉस्पिटलमधून सगळं कबूल करून लिहून दिलं. मला वाटलं, संपलं.

जूनमध्ये त्यांच्या बायकोचा, मृणालिनीबाईंचा, बोरीवलीहून फोन आला. देवदत्तांना नळाचा शॉक लागतो. दाराच्या कडीचा लागतो. चमच्याचासुद्धा. इलेक्ट्रिशियन तीनदा घर तपासून गेला. घरातल्या दुसऱ्या कोणालाच काही होत नाही. ते दिवसभर लाकडी पाटावर पाय वर घेऊन बसतात आणि पत्रावळीवर जेवतात.

"सगळं लिहून दिलंय ना त्यांनी," त्या म्हणाल्या. "आता तिला आणखी काय हवंय?"

हे मी मालनताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जिवंतपणी पण ती माझं कधी ऐकायची नाही.

ते कॅबिनेट त्या घरी घेऊन गेल्या. मी गाळा चालवतेच आहे. रात्री झोप लागते.

पण दुपारी काम करताना मध्येच हात थांबतो.

टेस्टर पेटताना मी सकाळीच पाहिला होता. हात लावू नका, एवढंच म्हणायचं होतं मला. दोन-तीन शब्द.

कोणी तोंड दाबलं नव्हतं माझं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

आज तो माणूस पुन्हा समोर उभा राहिला आणि त्याने तेच विचारलं, तर मी पुन्हा तेच उत्तर देईन. मला भीती वाटते ती याची.