चिंतूची शेवटची कांडी

नवसी ऑफिसात आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक काठी होती. ती तिने टेबलावर ठेवली नाही. मांडीवर आडवी धरून बसली.

पालघर स्टेशनजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर सुलू राऊत यांचं हे एका खोलीचं ऑफिस. तीस वर्षं विमा कंपनीसाठी तारापूरच्या कारखान्यांतले अपघात तपासल्यावर त्या आता खाजगी तपास करत. धाकटा भाऊ दिनानाथ त्यांची गाडी चालवायचा, चहा करायचा आणि प्रत्येक गोष्ट सगळ्यांत शेवटी समजून घ्यायचा.

"माजा घरवाला दारू पिऊन मेला असं बोलतात," नवसी म्हणाली. "त्यानं तीन वरसं दारूला हात लावला नाय. एवढंच लोकांना कळाला पायजे. दुसरा काय नको मला."

तिचा नवरा चिंतू सरावलीजवळच्या डांबर प्लांटमध्ये टाकीवर कामाला होता. सोळा मे रोजी सकाळी सातला टँकर आला. गरम डांबर टाकीत उतरत असताना चिंतूने वरचं झाकण उघडलं, आणि टाकीतलं सगळं त्याच्या अंगावर आलं. संध्याकाळी तो दवाखान्यात वारला. याला आठ दिवस झाले होते.

"दारू का सोडली होती?" सुलूताईंनी विचारलं.

"त्याची आय पावसात आजारी पडली. पाड्यावर गाडी येत नाय. दोघा भावांनी झोळी करून नेली. ओढ्याच्या चढावरच गेली ती. चिंतू त्या दिवशी प्यालेला होता, पाय घसरत होता त्याचा. परत कधी नाय प्याला."

मग नवसीने फडकं सोडलं. आत सागाची कांडी होती, खालचं टोक डांबराने माखलेलं.

"टाकी भरताना तो कांडी पार तळापर्यंत घालायचा. काढून बघायचा, मंग घरी आणून भिंतीला टांगायचा. आमच्या रस्त्याच्या दर टँकरची एक, अशा एकवीस हायत. ही बाविसावी. त्याच्या मुठीत होती."

सुलूताईंनी टोकावरचा डांबराचा तुकडा नखाने तोडला. आत भोकंच भोकं होती.

"दिना, हे कशासारखं दिसतंय?"

"घावनासारखं. जाळी पडलीय."

"घावनाला जाळी का पडते?"

"तवा तापलेला असतो म्हणून."

"अर्धं बरोबर," ताई म्हणाल्या. "उरलेलं अर्धं शोधायला सरावलीला जाऊ."

*

प्लांटचे मालक पुंडलिकशेठ घाम पुसत बाहेर आले.

"बाई, माझं आधीच कंबरडं मोडलंय. डांबर म्हणजे क्रूडचा, कच्च्या तेलाचा तळ. क्रूड तापवलं की वरून गॅस, पेट्रोल, डिझेल निघून जातं. खाली उरतं ते आमचं. पूर्वी या गाळाला कोण विचारत होतं? आता रिफायनऱ्या तो गाळही फोडून डिझेल काढतात. डिझेलला भाव असला की डांबरासाठी गाळ ठेवणार कोण?"

"मग डांबर येतं कुठून?" दिनानाथने विचारलं.

"कमी पडेल ते आखातातून, जहाजाने. तिथे भांडण पेटलं की जहाज अडतं. आणि इथे दर एक तारखेला आणि सोळा तारखेला नवा भाव लागतो. मी पाड्याच्या रस्त्याचं टेंडर भरलं जुन्या भावाने!"

"म्हणून काम थांबवलंत?"

"पंधराच्या संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं. उद्याचा टँकर शेवटचा. वीस टन. तो मोहाच्या झाडापर्यंत पुरेल. पुढचे तीनशे मीटर भाव उतरल्यावर. पंचायतीला पत्र त्याच दिवशी दिलं, तेवढं झालं की मशीन मनोरच्या कामाला द्यायचं ठरवलं."

"भाव कधी उतरेल?"

"ते आखातात विचारा."

मग शेठनी आतल्या कपाटातून देशी दारूची एक बाटली आणली. पोलीस गेल्यावर ती टाकीच्या पायथ्याशी सापडली होती. "ही बघा तुमच्या चिंतूची करणी."

दिनानाथने बूच काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काय पितात लोक! ग्रीससारखा वास येतोय."

सुलूताईंनी बाटली उजेडात धरली. तळाशी बोटभर काळपट, तेलकट काहीतरी होतं. त्यात पाण्याचा थेंबही नव्हता. त्यांनी बाटली पिशवीत टाकली.

प्लांटच्या मागे रिकामी पिंपं आडवी पडली होती. ताईंनी ती मोजली. दहा. प्रत्येक दोनशे लिटरचं. आतून वरचा भाग तेलाने चकचकत होता, तळाकडे मात्र वीतभर उंचीपर्यंत गंजाचा पट्टा होता.

चाचणी करणारा इंजिनिअर मेहुल सावलीत उभा होता. "प्रत्येक टँकरचा नमुना मी घेतो, मॅडम. पण सोळाला मी नव्हतो. चौदापासून वापीला, बहिणीच्या लग्नाला. नमुना काढून ठेव असं अंकुशला सांगून गेलो होतो."

अंकुश म्हणजे प्लांटचा मुकादम आणि चिंतूचा धाकटा भाऊ. मे महिन्याच्या त्या उन्हात त्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटाशी बटणं लावून.

"तू कुठे होतास तेव्हा?"

"खडीच्या ढिगाकडं. आरडाओरडा ऐकला, पन लोडरचा आवाज चालू होता. पोचायला धा मिनटं गेली."

"आल्यावर काय दिसलं?"

"काळा फेस. दूध उतू जातं तसा टाकीवरनं खाली येत होता. दादा खाली पडलेला."

"पाड्यापर्यंत रस्ता न्यायला किती डांबर कमी पडत होतं रे?"

"दोन टन," अंकुश लगेच म्हणाला. मग मान खाली घालून खडी सरळ करायला लागला.

परतताना दिनानाथ म्हणाला, "ताई, मला तर शेठचाच संशय येतो. नुकसान त्याचं होतंय."

"नुकसान कोणाचं होतंय ते नको बघूस, दिना. थांबलेला रस्ता पुढे जावा, असं कोणाला वाटत होतं?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मोहाच्या झाडाखाली जमले. डांबर तिथेच संपत होतं; अपघातानंतर टँकरमध्ये उरलेलं शेठनी तिथपर्यंत पुरवलं होतं. पुढे लाल माती, ओढ्याचा उतार, पलीकडचा चढ आणि चढावर पाडा. नवसी झाडाला टेकून बसली होती.

सुलूताईंनी तीन दगडांवर डबा ठेवून डांबर वितळवलं. सगळ्यांना लांब सरकायला लावलं आणि लांब दांड्याच्या पळीने आत चमचाभर पाणी सोडलं.

डबा फुसफुसला. काळा फेस फुगत वर आला आणि काठावरून धो धो उतू गेला. दिनानाथ दोन पावलं मागे पळाला.

"हे तुझं उरलेलं अर्धं, दिना. घावनाच्या पिठात पाणी असतं. तव्यावर त्याची वाफ होते आणि वाफ भोकं पाडून निघते. चिंतूच्या कांडीत तशीच भोकं आहेत. टाकीत पाणी होतं. त्यावर गरम डांबर पडलं. दारूचा इथे काहीच संबंध नाही."

"पण पाणी आलं कुठून?" पुंडलिकशेठनी विचारलं.

"जळक्या, म्हणजे यंत्रांतून वापरून काढलेल्या तेलातून. दहा पिंपं तेल आदल्या रात्री तुमच्या रिकाम्या टाकीत ओतलं गेलं. तारापूरला भंगारवाल्यांकडे असं तेल मिळतं. डांबरात मिसळलं की डांबर वाढतं. पिंपं उघड्यावर होती, अवकाळी पावसाचं पाणी आत गेलं. पाणी जड, ते तळाला बसलं. तळाकडचा गंज त्याचाच. ही बाटली त्या तेलाचा नमुना आहे. वरवर बुडवून भरली, म्हणून तिच्यात नुसतं तेल आलं. घेणाऱ्याला वाटलं, माल चांगला आहे. चिंतू मात्र नेहमी तळ बघायचा. म्हणूनच तो झाकणाशी होता."

"मी नाही ओतलं!" शेठ ओरडले.

"नाही. तुम्ही पत्र देऊन, मशीन मनोरला ठरवून मोकळे झाला होतात. डांबर वाढून तुम्हाला काय मिळणार? मेहुल वापीला होता. दहा पिंपं म्हणजे दोन हजार लिटर, जवळजवळ दोन टन. तेवढंच कमी पडत होतं. कशाला? या तीनशे मीटरना."

ताईंनी डब्याकडे बोट केलं. फेस कधीच बसला होता. डब्याभोवती काळा, सपाट ओघळ तेवढा राहिला होता.

"मोठ्या टाकीचा फेसही दोन-चार मिनिटांत बसतो. दहा मिनिटांनी येणाऱ्याला तो दिसत नाही. अंकुश, तू टाकीवरच होतास. बाह्या वर कर, बाळा."

अंकुशने बटणं सोडली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले होते. फोड फुटून कातडी सोललेली होती.

"मी वढला त्याला," तो म्हणाला. "नाय निघाला. हातातनं सुटला." मग नवसीकडे वळला. "वयनी, शेठ बोलला रस्ता मोहापर्यंत. ओढ्याच्या अल्याड! आय जिथं गेली तोच चढ राहात होता. भाव उतरला नाय तर यंदाचा पाऊसपन तसाच. मला वाटला, थोडं पातळ चालेल, पन पोचेल. दादाला बोललो नाय. त्यानं करू दिला नसता."

"आणि दारूचं बोलणं?" ताईंनी विचारलं.

"बाटली माजी होती, तेल बघाया नेलेली. शेठनं ती दादाची ठरवली. मी गप बसलो."

नवसी उठली. सगळ्यांना वाटलं ती त्याला मारेल. तिने त्याचा भाजलेला हात दोन बोटांनी धरला, उलटा केला, पाहिला आणि सोडून दिला.

"मला इचारायचा होता रे," ती म्हणाली. "आमी थांबलो असतो. आमाला थांबायची सवय हाय."

अंकुश मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडला.

पुंडलिकशेठनी ताईंनी सांगितलं तसं कागदावर लिहून दिलं की चिंतू प्यालेला नव्हता. नवसीला वाचता येत नव्हतं. दिनानाथने तिला तो दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मोठ्यानं वाच, भाऊ. पाड्यावर ऐकू गेला पायजे." दिनानाथने मोठ्याने वाचला.

"पोलिसांकडे जायला गाडी आहे," ताई अंकुशला म्हणाल्या.

"नको. चालत येतो मी. हितनं रस्ता हाय."

तो डांबरावरून निघाला. दिनानाथ गाडी त्याच्या मागे मागे, अगदी सावकाश नेत राहिला.

नवसीने कांडी पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि ती उलट्या दिशेला, ओढ्याच्या उताराला लागली. घरी भिंतीवर एकविसाव्या कांडीशेजारी तिने आधीच एक खिळा ठोकून ठेवला होता.