लंगड्याची कात

"काका, थांबा! थांबा ना!"

टिल्ली धडाधड जिना उतरून आली, पण काकांनी काचेची टाकी अंगणात पालथी केलीसुद्धा होती. पाणी, वाळू, सगळं मोरीकडे वाहत निघालं होतं.

"मेलाय गं तो," काका तिच्याकडे न बघताच म्हणाले. "सकाळी तळाशी पडला होता. बादलीत टाकलाय. आता खोलीही आवरायला घेतलीय."

खोली म्हणजे वरची, आजोबांची घड्याळं दुरुस्त करायची खोली. आणि 'तो' म्हणजे लंगड्या, आजोबांचा क्रेफिश. गोड्या पाण्यात राहणारा, शेवंडीचा जणू धाकटा भाऊच! ओढ्यात कुणीतरी त्याची नांगी धरली, तर गडी ती तिथेच सोडून निसटला होता. दवाखान्यात जाताना आजोबांनी टिल्लीला बजावलं होतं, "याला सांभाळ. कात टाकली की नवी नांगी दिसेल. मला दाखवायची हं!"

आजोबा परत आलेच नाहीत. आता लंगड्याही गेला. टिल्लीला हुंदका आवरेना.

तिच्या चुलतभावाने, ढापण्याने, कचऱ्याच्या बादलीतून लंगड्याला अलगद उचललं. "अरेच्चा! हा इतका हलका कसा?" तो धावत वर गेला आणि आजोबांचं भिंग घेऊन आला. "पाठीला चीर पडलीय. डोळे काचेसारखे. टिल्ले, आत कुणीच नाही!"

"कात!" टिल्ली किंचाळली. "काका, तो मेला नव्हता! तुम्ही त्याला जिवंत ओतलंत!"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "मग आता गं?"

"कल्ले ओले असतील तर तग धरेल. पण कात टाकल्यावर अंग लोण्यासारखं मऊ असतं. मांजराने पंजा मारला की संपलं!"

शेजारचं मांजर कुंपणावर बसलंच होतं. ढापण्याची धाकटी बहीण सुपारी हातात झाडू घेऊन पहाऱ्याला उभी राहिली. "ये तर खरं पुढे!" तिने मांजराला दम भरला.

मोरीच्या पन्हळीत, विटेमागे, दोन मिशा हलल्या!

"हात घालू नकोस, चेंगरेल!" टिल्ली कुजबुजली. "घाबरला की शेपटी मारून मागे पळतो. मी मागे डबा धरते, तू पुढून बोट हलव."

ढापण्याने बोट हलवलं. फटाक्! लंगड्या उलटा उडाला तो थेट डब्यात!

"शाब्बास रे पोरांनो!" काका ओरडले. "फेकू का आता ही कात?"

"छे! ती खाऊनच त्याचं नवं कवच पक्कं होतं. आजोबा कात कधीच फेकत नसत," म्हणत टिल्ली डब्यात वाकली, आणि थबकली. तुटल्या जागी नखाएवढी, इवलीशी नांगी होती.

डबा उचलून ती जिन्याकडे धावत सुटली. "आजोबा! आजोबा, नवी नांगी आली!"

तिने दार ढकललं. टेबल रिकामं होतं. खुर्चीवर गाठोडी बांधून ठेवली होती.

टिल्ली तिथेच मटकन खाली बसली आणि मोठमोठ्याने रडू लागली.

काका भिंग घेऊन मागोमाग आले आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. "सकाळी तो तसा दिसला ना, तेव्हा मीही आधी बाबांनाच हाक मारली गं," ते म्हणाले. "मग मला ही खोली बघवेना." त्यांनी नाक पुसलं. "मोठं काम केलंत आज. आण, मला दाखव."

टिल्लीने डबा पुढे केला. काकांनी भिंग डोळ्याला लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. पण डोळे इतके भरून आले होते की त्यांना नांगी काही दिसेना.